चपलांच्या कपाटातला सर्व्हर

एक साधा प्रश्न. तुमच्या मालकीचे गेम किती? मोजा बरं. लायब्ररीत शे-दोनशे दिसत असतील, त्यातले निम्मे सेलमध्ये घेऊन कधी उघडलेही नसतील (तो वेगळा विषय, बायकोसमोर काढू नका). पण उत्तर बहुतेकांचं सारखंच आहे बॉस : शून्य.

कारण ‘बाय’वर क्लिक केलं की आपल्याला मिळतो तो खेळण्याचा परवाना. गेम नाही. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे मृत्युपत्राने फ्लॅट मुलाला जाईल, ‘एल्डन रिंग’ जाणार नाही. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला, की नुसता परवाना विकत असाल तर ‘बाय’ म्हणताना गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. म्हणजे बघा, एका शब्दासाठी कायदा करायची वेळ आली!

‘द क्रू’ आठवतोय? युबिसॉफ्टचा २०१४चा रेसिंग गेम. अख्ख्या अमेरिकेत गाडी हाणायची, धमाल. पण एकट्याने खेळायचं म्हटलं तरी कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं असणं सक्तीचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून आणलेली डिस्क चहाचा कप ठेवायला मोकळी झाली. तिथून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबवाल्याची ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली. मागणी काय, तर सर्व्हर कायम चालू ठेवा असं कुणी म्हणत नाही, फक्त बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या युरोपियन युनियनकडच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. गेमर मंडळी एरवी पिझ्झा कुठला मागवायचा यावरही एकमत करत नाहीत, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे गेमिंग पेपरात येतं ते दोनच कारणांनी, बंदी आणि पैसा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी. २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नाव लावून परत, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा आला. घरं बुडत होती, कायदा हवाच होता, असं आपलं स्पष्ट मत (ऑफिसातल्या टीम लावणाऱ्या मंडळींनी मला दोन दिवस चहाला नेलं नाही). पण ज्याने सरळ पैसे देऊन सरळ गेम घेतला, त्याच्या हातात उद्या काय उरतं, यावर टीव्हीवर एकही आरडाओरडा ऐकला नाही मी.

गंमत म्हणजे जुनं ते टिकलंय. सायबर कॅफेतला ‘काउंटर स्ट्राइक १.६’ आठवा. सर्व्हर कुठे होता? काउंटरखाली, कॅफेवाल्याच्या मशीनमध्ये! सर्व्हर चालवायचा प्रोग्रॅमच खेळणाऱ्यांच्या हातात दिलेला, त्यामुळे बाहेरचं इंटरनेट गेलं तरी आत मारामारी चालू. तो गेम आजही लोक खेळतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा १९८९चा मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये सापडला तो कुठल्या क्लाउडवर नाही, तर जॉर्डन मेक्नरच्या वडिलांना जुन्या सामानाच्या खोक्यात, फ्लॉपींवर.

तर माझं खोकं चपलांच्या कपाटात आहे. जुना लॅपटॉप, स्क्रीनला तडा गेलेला, त्यावर लिनक्स. कपाटाची मागची फळी काढलीय, हवा खेळायला. त्यावर भाच्याचा माइनक्राफ्टचा सर्व्हर चालतो, सिनेमांसाठी जेलीफिन, फोटोंसाठी इमिच. सगळं फुकट, कुणाचं सबस्क्रिप्शन नाही. वीज म्हणाल तर वीसेक वॉट, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. आई म्हणते, “अरे, रात्री त्याचा दिवा लुकलुकतो, चोर आल्यासारखं वाटतं.” दिव्यावर चिकटपट्टी लावली, विषय संपला.

पण आईचाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाबा हार्मोनियम वाजवायचे. त्यांच्या वाजवण्याच्या चार कॅसेट होत्या, मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. बाबा आता नाहीत. ते रेकॉर्डिंग दर महिन्याच्या भाड्यावर, कुणाच्या तरी बदलत्या अटींवर ठेवायला माझं मन होत नाही. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपलीच की. नियम त्यांचे, घर त्यांचं, आपण पेइंग गेस्ट.

आता लगेच क्रोमा गाठू नका. घरचा सर्व्हर म्हणजे घरचं गणपतीचं डेकोरेशन, हौस असेल तर मजा, नाहीतर वैताग. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडून स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही. अख्ख्या सोसायटीला एकच टपालपेटी असावी तसा प्रकार, बाहेरून तुमचा फ्लॅट शोधायचा कसा? मी टेलस्केल वापरतो, अर्ध्या तासात काम झालं. आणि सगळं एकाच घरात ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या घरांतले लग्नाचे अल्बम भिजून लगदा झाले, ते काही क्लाउडवाल्यांनी केलं नव्हतं. म्हणून एक डिस्क नाशिकला ताईकडे असते, दर दिवाळीला बदलतो. ताई ती साड्यांच्या कपाटात ठेवते आणि भाऊबीजेला “भाडं कुठाय?” विचारते.

जाता जाता एक. २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमची अशी काही उचल केली की किरकोळ बाजारात भाव भडकले, आणि मायक्रॉनने तर घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ‘क्रुशल’ ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. तेव्हा माळ्यावरचा तो जुना लॅपटॉप भंगारवाल्याला देणार असाल, तर आधी मला मेल टाका.