रेड कार्ड व्हीएआरने दिलं, मग बंदी कोण ठरवतं? रोनाल्डोच्या निमित्ताने

आधीच सांगून टाकतो, मी रोनाल्डोचा फॅन आहे. 13 नोव्हेंबर 2025 च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे सव्वा वाजता सुरू झालेली आयर्लंड-पोर्तुगाल मॅच मी कानात इअरफोन घालून मोबाइलवर बघत होतो. डब्लिनमध्ये पोर्तुगाल 2-0 ने हरलं. पण त्याहून मोठा धक्का दुसऱ्या हाफमध्ये बसला. रोनाल्डोने आयर्लंडच्या दारा ओ'शेला कोपर मारलं. रेफ्रींनी आधी यलो कार्ड दाखवलं. मग व्हीएआरने त्यांना मैदानाच्या कडेच्या स्क्रीनकडे बोलावलं, रिप्ले दाखवला आणि यलोचं रेड झालं. पोर्तुगालकडून खेळताना त्याचं हे पहिलंच रेड कार्ड.

25 नोव्हेंबरला फिफाचा निर्णय आला. बंदी तीन सामन्यांची. त्यातला एक, आर्मेनियाविरुद्धचा, त्याने आधीच बाहेर बसून काढला होता. उरलेले दोन एका वर्षासाठी स्थगित! या काळात पुन्हा तसाच प्रकार केला, तरच ते लागू होणार. थोडक्यात, 2026 च्या वर्ल्ड कपचा पहिला सामना खेळायला तो मोकळा.

खरं सांगू? मला आनंद झाला. पण थोड्या वेळाने डोक्यात किडा वळवळला. हेच कोपर आयर्लंडच्या एखाद्या नवख्या पोराने रोनाल्डोला मारलं असतं, तर त्यालाही अशी सूट मिळाली असती का?

व्हीएआरचं काम कुठे संपतं?

आपल्याला वाटतं की कॅमेरे आले म्हणजे अन्याय संपला. पण त्या मॅचच्या वेळी व्हीएआर फक्त चार गोष्टी तपासायचं: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. ‘रेड कार्ड द्यायचं की नाही’ एवढंच त्यातून ठरतं. किती सामने बाहेर बसायचं, हे नंतर शिस्तपालन समितीतली माणसं ठरवतात. त्यांच्यासमोर व्हिडिओ असतो, पण शिक्षा मोजणारं मशीन नसतं.

फिफाच्या नियमानुसार कोपर मारणं, ठोसा, लाथ, चावणं, थुंकणं या सगळ्याला किमान तीन सामन्यांची बंदी आहे. म्हणजे इथवर समितीने नियमच पाळला. खरी मेख आहे कलम 27 मध्ये. शिक्षा पूर्ण किंवा अंशतः स्थगित ठेवायचा अधिकार हे कलम समितीला देतं. तेव्हा रोनाल्डोला मिळालेली सूट नियमाबाहेरची नाही. पण हा दरवाजा कोणासाठी आणि कधी उघडायचा, याची मोजपट्टी त्या कलमात नाही. संशय येतो तो तिथूनच.

मोठ्या नावांना सूट, हे नवीन आहे?

अजिबात नाही. 1962 च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये चिलीविरुद्ध ब्राझीलच्या गारिंचाला मैदानाबाहेर काढलं होतं. तरी तो फायनल खेळला आणि ब्राझील जिंकलं. 2011 मध्ये इंग्लंडच्या वेन रूनीने माँटेनेग्रोच्या खेळाडूला लाथ मारली. युएफाने तीन सामन्यांची बंदी घातली, म्हणजे युरो 2012 चे तिन्ही ग्रुप सामने गेले. अपील झालं आणि प्रत्यक्षात दोनच सामने बाहेर बसावं लागलं. तिसऱ्यात तो युक्रेनविरुद्ध उतरला आणि विजयी गोल त्यानेच केला!

पण नाव मोठं म्हणजे नेहमी सूट, असंही नाही. 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेच्या लुईस सुआरेझने इटलीच्या किएलिनीला चावलं. रेफ्रींनी ते पाहिलं नाही, कार्डही दिलं नाही. फिफाने नंतर कारवाई करून नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि वर चार महिने फुटबॉलबंदी ठोठावली. मात्र चावण्याची त्याची ती पहिली वेळ नव्हती.

मग सगळ्यांना सारखीच शिक्षा द्यायची?

ऐकायला बरं वाटतं, पण त्यातही गोची आहे. 2002 च्या सेमीफायनलमध्ये जर्मनीच्या मिखाएल बालाकला यलो कार्ड मिळालं, विजयी गोलही त्यानेच केला. पण आधीचं कार्ड जमेला असल्याने तो फायनलला मुकला. नियम सगळ्यांना सारखा होता, तरी अनेकांना ते खटकलं. पुढे 2010 पासून क्वार्टर फायनलनंतर सुटी यलो कार्डं पुसायला सुरुवात झाली. म्हणजे नियम कठोर असला की तो न्याय्य असतोच असं नाही. परिस्थिती बघावी लागते. फक्त ती कशी बघितली, हे सगळ्यांना कळलं पाहिजे.

माझ्या मते उपाय आणखी कॅमेरे लावणं हा नाही. 2023 पासून फिफाच्या स्पर्धांमध्ये व्हीएआरचा निर्णय रेफ्री माइकवरून स्टेडियमला सांगतात. तेच बंदीच्या बाबतीत करा. सूट दिली तर कारण लिहा: आधीचं रेकॉर्ड, इजा किती, चिथावणी होती का. आणि आजवर कोणाकोणाला अशी सूट मिळाली, कोणाला नाकारली, याची यादी सगळ्यांना शोधता येईल अशी ऑनलाइन ठेवा. खेळाडूने किती पास दिले, किती किलोमीटर धावला, हे आपल्याला फोनवर दिसतं. मग बंदीचा हिशोबही दिसायला काय हरकत आहे?

रोनाल्डोला वर्ल्ड कपमध्ये बघायला मलाही आवडेल. पण त्या नवख्या पोराला समितीसमोर उभं राहायची वेळ आली, तर ‘त्यालाही याच निकषांवर सूट द्या’ असं म्हणता आलं पाहिजे. आज त्याने बोट ठेवावं अशी निकषांची यादीच त्या कलमात नाही.