‘नको’ जाणणाऱ्यास स्पॅनिश परकी नाही

इंग्रजी कच्चे म्हणून परकी भाषा झेपणार नाही, हा आपल्या मुलांचा न्यूनगंड आम्हांस मान्य नाही. स्पॅनिशमधील निषेधार्थी आज्ञा पाहा. ‘आब्ला’ म्हणजे बोल. ‘नो आब्लेस’ म्हणजे बोलू नको. ‘कोमे’ म्हणजे खा. ‘नो कोमास’ म्हणजे खाऊ नको. नियमित क्रियापदांपैकी ‘आर’ने संपणाऱ्यांच्या प्रत्ययात ‘ए’ येतो, ‘एर’ व ‘ईर’ने संपणाऱ्यांच्या ‘आ’. इंग्रजीत नकाराने क्रियापद बदलत नाही. मराठीत ‘बोल’चे ‘बोलू’ होतेच. आदरार्थी ‘नो आब्ले’ म्हणजे आपले ‘बोलू नका’. इंग्रजीत हा नको-नका भेदच नाही. म्हणून परकी भाषा मायबोलीच्या पायरीवरूनच शिकवावी, असे आमचे ठाम मत आहे.