माठ समोर, घरात कुणी नाही

इमाम गझाली यांनी १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातील मानाचे अध्यापकपद सोडले. नाण्याएवढा दिसणारा तारा गणिताने पृथ्वीहून मोठा ठरतो. मग डोळ्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न त्यांना छळत होता. पुढे फारसीत लिहिलेल्या ‘कीमिया-ए-सआदत’मध्ये ते सुखाकडे वळले. जिभेचे सुख देहाबरोबर संपते, ईश्वराला ओळखण्याचा आनंद उरतो, असे त्यांचे म्हणणे.

रोजेदाराची खरी परीक्षा दुपारी तीनला. माठ समोर, घरात कुणी नाही. तरी तो पीत नाही. सगळे आधीच लिहिलेले असेल, तर हा निर्णय कुणाचा? कृती निर्माण करतो ईश्वर, माणूस ती ‘कसब’ म्हणून आपलीशी करतो, असे गझाली मानत. सर्वांना हे पटत नाही. निर्जळी एकादशी करणाऱ्या शेजाऱ्यापुढेही (साबुदाण्याच्या खिचडीवाल्यांना तूर्त सूट!) तोच माठ असतो.