अ‍ॅपचीही वावरात चाचणी घ्या

राजेहो, 15 ऑगस्ट 2021 पासून आपला पेरा आपणच मोबाईलवर भरतो. ई-पीक पाहणी. कल्पना चांगली आहे. चावडीत बसून मागच्या सालचाच पेरा उतरवून काढण्यापेक्षा वावरात उभं राहून काढलेला फोटो केव्हाही खरा. माझं भांडण आहे ते अ‍ॅपच्या मांडणीशी.

गाव नमुना बारा उचलला अन् मोबाईलमध्ये ओतला, असं ते दिसते. निर्भेळ पीक, मिश्र पीक, पोटखराबा, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. हे शब्द तलाठ्याच्या दप्तराचे. वरून आपण वावर मोजतो एकरात. एक एकर म्हणजे 40 आर, मंग पावणेतीन एकराचे किती? आधी हा हिशेब तलाठी करत, आता कास्तकारानं धुऱ्यावर उभं राहून करायचा. काऊन? मोबाईलले गुणाकार येत नाही काय? एकर टाकला की आर आपोआप दिसावा, एवढंच तं पाहिजे.

मिश्र पिकाचंही तसंच. आपल्याकडं पऱ्हाटीत सहा-आठ तासांनंतर तुरीचं एक तास असते. तुरीखाली क्षेत्र किती, असं विचारलं तर दहा कास्तकार दहा आकडे सांगतील. त्यापेक्षा ‘किती तासांनंतर तूर आहे?’ एवढंच विचारा. हे कोणीही डोळे झाकून बरोबर सांगते. क्षेत्र मशीननं काढावं.

हे बारकं वाटत असेल तर 2023 च्या खरिपातलं कापूस-सोयाबीनचं अनुदान आठवा. हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. ते ई-पीक पाहणीच्या नोंदीले बांधलं होतं. वावरात पऱ्हाटी उभी होती, पण अ‍ॅपमध्ये नव्हती, म्हणून लोकं यादीबाहेर. शेवटी 2024 मध्ये सरकारालेच ती अट सैल करा लागली. तवा सगळे म्हणत, शेतकऱ्यानं नोंदच केली नाही. किती जणांनी फोन हातात घेतला अन् मधातच सोडून देला, हे कोणी विचारलं?

सुधारणा झाल्या, त्या नाकारत नाही. एका मोबाईलवरून दुसऱ्याचीही नोंद होते, नोंद चुकली तर 48 तासांत दुरुस्त करता येते. पण चूक समजते कवा? अनुदानाच्या यादीत नाव नसते तवा. तोवर कितीक 48 तास उलटून गेले असतात. नोंद झाली की ‘तुमची कपाशी 1.10 हेक्टर नोंदली, बरोबर आहे का?’ असा साधा मेसेज लगेच आला, तर अर्ध्या चुका त्याच दिवशी सापडतील.

आता कृषी विद्यापीठातल्या अन् कृषी विभागातल्या वाचकांना विचारतो. अकोल्याच्या विद्यापीठातून एखादं वाण तुम्ही असंच सोडता का? चार ठिकाणी, तीन-चार हंगाम चाचण्या घेता, हलक्या जमिनीत पाहता, भारीत पाहता, मंग शिफारस करता. मंग अ‍ॅप थेट आमच्या खिशात कसं येते?

तुमचं वजन महसूलवाल्यांपुढं वापरा. पुढच्या ऑगस्टात हे अ‍ॅप बनवणाऱ्यांना दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात आणा, एक दिवस मेळघाटात न्या. गुडघाभर चिखल, भर उन्हात न दिसणारी स्क्रीन, ओली बोटं. साठीतल्या कास्तकाराच्या हातात फोन द्या अन् बाजूले उभे रहा. मधात बोलायचं नाही, बोट कुठं दाबायचं हे सांगायचं नाही. तो जिथं जिथं अडकते, तेवढं लिहून न्या.