व्हिनाइल कटर आणि देवनागरी शिरोरेषा

संपादक महोदय यांस,


व्हिनाइल कटरसोबत मिळणारे सॉफ्टवेअर पुरेसे असते, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय रोमन अक्षरांपुरता ग्राह्य असला, तरी देवनागरी फलकांस तो लागू पडत नाही. आपल्या लिपीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात; त्या बाह्यरेषांचे एकीकरण न करता मजकूर यंत्राकडे रवाना केल्यास पाते प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा छेदते आणि चिकटवताना अक्षरे सुटी होतात. सबब, जोडाक्षरे शुद्ध मांडून अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर व संयोग साधणारे सॉफ्टवेअरच निवडावे. २००३ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले इंकस्केप हे काम चोख बजावत असल्याने खर्चाचा आक्षेपही उरत नाही.

आपला,
एक फलककार