खानेसुमारी कीं शिरगणती?

लोकसंख्या मोजण्याच्या कामास आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत : खानेसुमारी आणि शिरगणती. पहिला फारशी, ‘खाना’ म्हणजे घर व ‘शुमार’ म्हणजे मोजदाद. दुसऱ्याचा अर्थ उघडच आहे. माणसांचीं घरें मोजतां मोजतां माणसेंही मोजून होतात, म्हणून हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थीं योजतों. अरण्यांत मात्र या दोहोंत केवढें अंतर पडतें, तें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या वारूळवाडीहून मंचर व घोडेगांव मागें टाकून पश्चिमेकडे गेलें कीं भीमाशंकरचें रान लागतें. १९८५ सालीं तें अभयारण्य झालें. विस्तार सुमारें १३० चौरस किलोमीटर. तेथील मानाचा रहिवासी म्हणजे शेकरूं. साइक्स नामक इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८३१ सालीं या तांबूस, झुपकेदार शेपटीच्या मोठ्या खारीची शास्त्रीय नोंद करून तीस एल्फिन्स्टनसाहेबांचें नांव दिलें. आज शेकरूं हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

अशीं शेकरें रानांत किती, हें ठरवावें कसें? तें उंच शेंड्यांतून वावरतें, बहुधा एकटें असतें आणि दुपारीं विसांवा घेतें. डहाळ्या व पानें यांचें त्याचें घरटें मात्र खालून दिसतें, म्हणून घरटीं मोजण्याचा मार्ग सोपा वाटतो. परंतु एकच शेकरूं अनेक घरटीं बांधतें! खुंटीवरच्या टोप्या मोजून हजेरी भरावी आणि एकेका मुलाच्या चार चार टोप्या निघाव्या, तशी ही गत होय. शिवाय धनी नाहींसा झाला तरी रिकामें घरटें कांहीं काळ झाडावर राहतेंच.

ही भीति काल्पनिक नव्हे. राजस्थानांतील सरिस्का येथें पावलांच्या ठशांवरून वाघ मोजीत. कागदावर ते सुखानें नांदत होते. २००५ सालीं कसून शोध झाला, तों एकही वाघ उरला नव्हता. चोरट्या शिकाऱ्यांनीं ते संपविले होते. पुढें स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं छायाचित्रें घेऊन पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखण्याची रीत देशभर आली.

शेकराच्या अंगावर तसे पट्टे नाहींत. म्हणून ठराविक वाटेनें, ठराविक ऋतूंत, सकाळच्या ठराविक वेळीं चालत जावें. दिसलेला प्राणी व वाटेपासून त्याचें अंतर टिपावें. घरटें ताजें कीं जीर्ण हें वेगळें लिहावें. आणि हाच क्रम वर्षानुवर्षें चालवावा. त्यांतून नेमका आंकडा नव्हे, पण वाढ कीं घट हें कळतें. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच शेकरूं सुरक्षित. झाडें तुटून मधें खिंडार पडलें कीं त्यास जमिनीवर उतरावें लागतें व तेथें त्याचे वैरी टपलेले असतात. असें खिंडार कोठें बाधतें, हें अशी प्रामाणिक वहीच वेळेवर सांगूं शकते.

संस्कृतांत ‘गण्’ धातूचे अर्थ दोन : मोजणें आणि मानणें. मराठींतही ज्यास कोणी मानीत नाहीं तो ‘खिजगणतींत नाहीं’ असें आपण म्हणतों. भीमाशंकरास सहकुटुंब जाणाऱ्या वाचकांनीं शेकरूं दिसल्यास त्यास खाऊ घालूं नये. मुलांकडून दिवस, वेळ व झाडाचें नांव मात्र लिहवून घ्यावें. शिरगणतीचा तो पहिला धडा होय.