लहरींची वाटणी
रेडिओलहरींचा साठा परिमित असल्यामुळे, मोबाइल फोनसाठी प्रदेशाचे षट्कोनी कोष पाडून शेजारच्या कोषांना भिन्न वाहिन्या द्याव्यात आणि पुरेशा अंतरावर त्याच वाहिन्या पुन्हा योजाव्यात, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डी. एच. रिंग यांनी १९४७ साली मांडली. अमेरिकेत ती १९८३ मध्ये शिकागोत व्यापारी सेवेच्या रूपाने प्रत्यक्षात आली.

प्रत्येक कोषाचा वाटा कायमचा मुक्रर करण्याचा शिरस्ता हिशेबाला सोपा खरा. परंतु कचेऱ्यांचा भाग रात्री ओस पडल्यावर तेथील वाहिन्या निष्क्रिय राहाव्यात आणि लगतच्या वस्तीत फोन लागू नये, हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. उलट सर्व वाहिन्या सामायिक ठेवून मागणीप्रमाणे देण्याची पद्धत मध्यम गर्दीत श्रेष्ठ ठरते. मात्र सर्वत्र एकसारखी दाटी झाली की काटेकोर कायम वाटणीच अधिक संभाषणे सामावून घेते, आणि म्हणून काही वाहिन्या कायम व काही सामायिक, अशी संमिश्र व्यवस्थाच मी ग्राह्य मानतो. चालू संभाषण घेऊन कोषाची हद्द ओलांडणाऱ्यासाठी थोड्या वाहिन्या राखाव्यात, नव्या मागणीदाराने खुशाल थांबावे. कारण मध्येच तुटलेले बोलणे अधिक क्लेशदायक असते.

आजच्या जाळ्यांत शेजारचे कोषही बहुधा एकाच लहरी वापरतात, तथापि सीमेवरचा परस्परव्यत्यय टाळण्यासाठी वाटणी चालूच असते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरविल्या आहेत. तेव्हा कोणत्या वस्तीत किती मागण्या नाकारल्या गेल्या, याचे दफ्तर कंपन्यांनी जनतेस खुले केलेच पाहिजे.